चांदणी पिटुनिया: प्रकल्पाच्या नोंदी

८ नोव्हेंबर
गंगापूर रोडवरच्या नर्सरीतून पिटुनियाची चोवीस रोपं आणली. सगळी एकाच जातीची, लाल फुलात मधोमध पांढरी चांदणी. नर्सरीवाल्या काकांनी विचारलं, "इतकी एकाच रंगाची कशाला?" प्रकल्पासाठी, एवढंच म्हटलं. कॉलेजच्या गच्चीवर विटांच्या ओळीत कुंड्या मांडल्या आणि १ ते २४ आकडे रंगवले.

विषय मॅडमनी मान्य केला आहे: चांदणीचा पांढरा भाग आणि लाल भाग एकाच फुलाचा, दोन्हीकडच्या पेशींत डीएनए एकच. मग रंगाचं जनुक एका ठिकाणी बोलतं आणि बोटभर अंतरावर गप्प कसं?

त्या जनुकाचं नाव चालकोन सिंथेस. ॲन्थोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य तयार होण्याच्या साखळीत हे एन्झाइम अगदी सुरुवातीला लागतं. ते नसेल तर पुढचं सगळं अडतं आणि पाकळी पांढरी राहते. जनुक गप्प होण्याची गोष्ट पिटुनियात, आणि नेमकी याच जनुकावर, १९९० साली गाजली. कॅरोलिन नापोली, रिचर्ड जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी फुलाचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून चालकोन सिंथेसची एक जादा प्रत झाडात घातली. फुलं गडद व्हायच्या ऐवजी कित्येक झाडांवर पांढरी किंवा ठिपक्याठिपक्यांची आली. घातलेली प्रत तर गप्प झालीच, झाडाची मूळची प्रतही तिच्याबरोबर गप्प झाली. त्याच वर्षी हॉलंडमधल्या एका गटालाही असंच दिसलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान तीनदा वाचलं होतं.

आमची झाडं मात्र जनुक घालून केलेली नाहीत. ही चांदणी बागवानांनी निवडून निवडून टिकवलेली आहे. म्हणूनच ती मला जास्त ओढते.

१६ नोव्हेंबर
दोन रोपं मर लागून गेली. पाणी जास्त झालं होतं. २२ उरली.

२९ नोव्हेंबर
पहिली फुलं. ३ नंबरची चांदणी रुंद, ११ नंबरची अगदी बारीक, टाचणीच्या रेघांसारखी. एकाच झाडावरची दोन फुलंसुद्धा सारखी नाहीत. आजपासून रोज सकाळी नऊला फोटो, मागे काळा कार्डबोर्ड, बाजूला पट्टी.

मला मनापासून वाटतंय की हे डीएनए मिथिलेशन असावं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन (सी) या अक्षराला एक छोटा मिथिल गट चिकटतो. अक्षर तेच राहतं, पण जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते वाचलं जात नाही. प्राण्यांत हा गट मुख्यतः सी-जी अशा जोडीतल्या सीवर असतो. वनस्पतींत तीन जागा: सीजी, सीएचजी आणि सीएचएच (एच म्हणजे जी सोडून कुठलंही अक्षर). सीजीची खूण मेट-१ हे एन्झाइम राखतं, सीएचजीची मुख्यतः सीएमटी-३. पेशी दुभंगताना समोरच्या धाग्यावर जुनी खूण दिसते आणि तिच्यावरून नव्या धाग्यावर उमटते. सीएचएचला समोर जोडीदार सीच नसतो, म्हणून ती खूण दर वेळी नव्यानं घालावी लागते. त्या कामात डीआरएम-२ नावाच्या एन्झाइमला वाट दाखवायला २४ अक्षरांचे आरएनएचे (डीएनएवरून उतरणाऱ्या नकलेचे) बारके तुकडे लागतात. झाडांच्या पेशींत हे काम दिवसरात्र चालू असतं, आणि आपण त्यांच्यावर फक्त पाणी शिंपडत असतो.

माझ्या डोक्यात लिनेरिया हे फुलझाड आहे. कार्ल लिनिअसनं १७४४ साली तिच्या एका वेगळ्याच फुलाचं वर्णन केलं. नेहमीचं फूल दोन ओठांचं, हे मात्र चहूबाजूंनी सारखं, आणि त्यानं त्याला 'पेलोरिया' म्हटलं. अडीचशे वर्षांनी, १९९९ साली, कळलं की त्या झाडात जनुकाचा क्रम बदललेला नव्हता. जनुकावर मिथिल गटांचा थर चढून ते गप्प झालं होतं. आमची चांदणीही तशीच निघावी असं मला वाटतंय. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे निकाल बघताना माझा कल कुठे होता ते लक्षात राहील.

१२ डिसेंबर
ब्लेडनं पाकळीचे पांढरे आणि लाल तुकडे वेगळे केले. एका नळीसाठी तीस-तीस फुलं लागली. मैत्रिणीनं लाल घेतलं, मी पांढरं. कडेचा जेमतेम मिलिमीटर टाकून दिला, कारण तिथे दोन्ही पेशी मिसळलेल्या असतात.

डीएनए सीटॅब (पेशी फोडणारं एक रसायन) पद्धतीनं काढला. आमच्याकडे द्रव नायट्रोजन नाही, म्हणून बर्फावर ठेवलेल्या खलबत्त्यात वाटलं. नळीत तपकिरी पाणी आलं, डीएनएही तपकिरी. पाकळीतली फेनॉलं हवेशी जुळून डीएनएला चिकटली. ही फेनॉलं धरून ठेवणारी पीव्हीपी पूड घालायला विसरलो होतो. सगळं फेकलं. साठ फुलं वाया गेली.

१९ डिसेंबर
पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालून पुन्हा. मर्कॅप्टोइथेनॉलचा वास अख्ख्या मजल्यावर पसरला, शिपाई मामांनी येऊन खिडक्या उघडल्या. पण या वेळी डीएनए पांढरा धाग्यासारखा आला. जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) एक ठसठशीत पट्टा, खाली ओघळ नाही.

२६ डिसेंबर
थंडी वाढली. निफाडकडून येणारी एक मैत्रीण सांगते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात. फोटो मांडून पाहिले तर गेल्या आठवड्यातल्या फुलांच्या चांदण्या थोड्या अरुंद वाटतात. २००३ सालचं एक काम वाचलं होतं, थंडीत झाडातली आरएनएची गप्प करण्याची यंत्रणा मंदावते असं. मन लगेच तिकडे धावलं. पण थंडीबरोबर ऊनही बदललंय. गच्चीच्या कठड्याची सावली आता पहिल्या दोन ओळींवर अकरापर्यंत असते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. हा धागा सोडला.

५ जानेवारी
१७ नंबरची पानं आक्रसली, त्यांवर फिकट-गडद चट्टे. फुलंही बिघडली, चांदणी जवळजवळ नाही, बहुतेक लालच. मावा दिसत होता. इतरांना लागू नये म्हणून झाड उपटून खतखड्ड्यात टाकलं. आजचा फोटो तेवढा काढला.

९ जानेवारी
आज हात थरथरत होते.

पद्धत अशी. हपा-टू आणि एमएसपी-वन ही दोन एन्झाइमं डीएनए एकाच खुणेवर कापतात, सीसीजीजी या चार अक्षरांवर. आतल्या सीवर मिथिल असेल तर हपा-टू कापत नाही, एमएसपी-वन कापतं. मिथिल नसेल तर दोन्ही कापतात. आम्ही चालकोन सिंथेसचा असा तुकडा निवडला ज्यात ही खूण येते, आणि कापल्यानंतर त्यावर पीसीआर केला, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढल्या. खूण कापली गेली असेल तर पट्टा येणार नाही. मिथिलमुळे वाचली असेल तर येईल.

लाल भाग, हपा-टू: पट्टा नाही.
पांढरा भाग, हपा-टू: पट्टा आहे!

मैत्रिणीनं मला मिठीच मारली. मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पांढऱ्यात एमएसपी-वनचं काय?" जेलवरची ती रांग मी नीट पाहिलीच नव्हती. पुन्हा जेलसमोर गेले. तिथेही पट्टा होता.

१० जानेवारी
रात्रभर झोप नाही. एमएसपी-वननंही कापलं नाही, याचे दोन अर्थ निघतात. बाहेरच्या सीवर मिथिल असेल तर एमएसपी-वन अडतं. किंवा त्या नळीत कुठलंच एन्झाइम चाललं नाही. मॅडम म्हणाल्या, "नळीत असा डीएनए घाल ज्यावर मिथिल नाही हे तुला आधीच माहीत आहे." फ्रीजमध्ये लॅम्डा विषाणूचा डीएनए होता. त्यावर सीसीजीजी शेकडो ठिकाणी आहे, म्हणजे एन्झाइम चालू असेल तर त्याचा बारीक भुगा व्हायला हवा.

पांढऱ्याच्या नळीत लॅम्डा अख्खाच्या अख्खा राहिला.

म्हणजे एन्झाइम चाललंच नव्हतं. डीएनएची गोळी धुतल्यावर अल्कोहोल पुरतं उडू न देता मी घाईनं पाणी घातलं होतं. चूक माझ्या हातची, आणि ती मला हव्या असलेल्या निकालाच्या बाजूनं झाली. म्हणूनच ती पकडायला एक रात्र गेली. पट्टा आला नसता तर मी लगेच शंका घेतली असती.

२२ जानेवारी
संक्रांतीनंतर नव्यानं सगळं केलं. तीन वेगळ्या झाडांची फुलं, प्रत्येक नळीबरोबर लॅम्डाची जोडनळी. गोळी अर्धा तास उघडी सुकवली.

पांढरा: हपा-टू कापतं, एमएसपी-वन कापतं.
लाल: हपा-टू कापतं, एमएसपी-वन कापतं.
लॅम्डा: सगळीकडे भुगा.
न कापलेला डीएनए: सगळीकडे पट्टा.

दोन्ही भाग सारखे. आम्ही पाहिलेल्या खुणांवर तरी मिथिल नाही. इतर अक्षरांवर काय आहे ते या पद्धतीत दिसत नाही. त्यासाठी बायसल्फाइट करावं लागेल. त्यात मिथिल नसलेला सी बदलून टीसारखा वाचला जातो, मिथिल असलेला सी तसाच राहतो, आणि एकेक अक्षर तपासता येतं. तेवढा पैसा आमच्याकडे नाही.

वाईट वाटलं. मॅडमनी चहा मागवला आणि फळ्यावर एक रेघ ओढली: डीएनए, मग आरएनए, मग एन्झाइम, मग रंग. "तू पहिल्याच पायरीवर शोधत बसलीस. जनुक वाचलं जातं, आरएनए तयार होतो, आणि मग तो फाडून टाकला जातो, असं असेल तर तुझ्या डीएनएवर काय दिसणार?"

त्यांनी दिलेले निबंध घरी येऊन वाचले. चांदणी पिटुनियाबद्दल जपानी संशोधकांनी २००५ साली हेच दाखवलं आहे: पांढऱ्या भागात आरएनए तयार झाल्यानंतर नाहीसा होतो. पुढे २०१२ साली कळलं की या झाडांत चालकोन सिंथेसच्या दोन प्रती एकापाठोपाठ चिकटून आहेत, आणि पांढऱ्या भागात त्या जनुकाचे आरएनएचे बारके तुकडे सापडतात. असे बारके तुकडे झाडांत पहिल्यांदा १९९९ साली अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम्ब यांनी दाखवले. त्याच्या आदल्याच वर्षी फायर आणि मेलो यांनी एका बारक्या कृमीत दुहेरी आरएनए घातला की त्याच क्रमाचं जनुक गप्प होतं हे दाखवलं होतं, त्याला २००६ साली नोबेल मिळालं. म्हणजे १९९०च्या पांढऱ्या पिटुनियाचं कोडं झाडात पडलं आणि त्याचा धागा कृमीत सापडला.

दोन वाटा एकमेकींपासून फार लांब नाहीत. बारका आरएनए एका वाटेनं जाऊन निरोपाचा आरएनए फाडतो, दुसऱ्या वाटेनं जाऊन डीएनएवर मिथिल बसवून घेतो. दुसरी वाट १९९४ साली तंबाखूत दिसली: बटाट्याच्या व्हायरॉइडचा (नुसत्या आरएनएच्या रोगकारकाचा) आरएनए पेशीत वाढू लागला की त्याच क्रमाचा डीएनए मिथिलनं भरतो. कोणती वाट केव्हा, हेच खरं विचारायला हवं होतं.

३० जानेवारी
आज ग्रंथालयात बसले असताना अंगावर काटा आला. २००१ सालचा एक निबंध: चांदणीच्या पिटुनियाला विषाणू लागला की पांढऱ्या भागात रंग परत येतो, आणि कुठे परत येतो ते विषाणूगणिक वेगळं असतं. कारण आरएनए फाडणं हे झाडाचं विषाणूविरुद्धचं शस्त्र आहे, आणि विषाणूंकडे ते बोथट करणारी प्रथिनं असतात. काकडीच्या मोझॅक विषाणूचं २बी नावाचं प्रथिन त्यातलंच.

१७ नंबर.

५ जानेवारीचा फोटो शोधून बघितला. चट्ट्यांची पानं, जवळजवळ लाल फूल. मला हवं ते उत्तर माझ्या कुंडीत उभं होतं आणि मी ते उपटून टाकलं. खतखड्डा उकरला, पण पंचवीस दिवसांत काही उरलं नव्हतं. मामाही माझ्याबरोबर हातानं पालापाचोळा चाळत होते, त्यांना का ते मी सांगितलंही नव्हतं.

४ फेब्रुवारी
चार नर्सऱ्या फिरलो. मखमलाबादकडच्या एका नर्सरीत टाकून द्यायच्या ढिगात एक सापडलं: तीच जात, पानांवर चट्टे, चांदणी विटलेली. नर्सरीवाले म्हणाले, "ताई, रोगट आहे, चांगलं देतो ना." रोगटच हवंय म्हटल्यावर पैसेच घेईनात.

झाड दोन पिशव्यांत बांधलं आणि घरी न नेता थेट कॉलेजात नेलं. गिरणाऱ्याला आमचा टोमॅटो आहे. यातला विषाणू कुठला ते माहीत नाही, पण काकडीचा मोझॅक टोमॅटोलाही लागतो, तंबाखूचाही.

६ फेब्रुवारी
तरी घरी बोलले. नाना जेवता जेवता थांबले. "पोरी, गावात व्हायरसनं प्लॉटच्या प्लॉट उपटले, अन् तू तो पाळायला निघालीस?"

"नाना, तुमच्या प्लॉटच्या आसपास काहीसुद्धा आणणार नाही. कॉलेजात जाळीत ठेवतेय, मावा आत जाणार नाही अशी. काम झालं की जाळून टाकणार. येताना हात साबणानं धुऊन, कपडे बदलून येईन."

नाना काही बोलले नाहीत. मग मीच त्यांना २००६ सालच्या टोमॅटोची गोष्ट सांगितली. एका टोमॅटोचं फळ पिकतच नाही, साल पिवळट राहते, गरही फिका. जनुकाचा क्रम तपासला तर बदल नाही. जनुकाच्या सुरुवातीला मिथिल गट चढलेले. नाना म्हणाले, "उन्हाळ्यात आपलाबी माल पिवळा राहतो, तो त्याच्यामुळेच का?" नाही म्हटलं. तो उष्णतेमुळे, तापमान तिशीच्या वर गेलं की टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. दिसायला दोन्ही सारखं, कारण वेगळं. हे सांगताना मला माझंच ९ जानेवारीचं जेल आठवलं.

झोपायला जाताना नाना म्हणाले, "जाळी नीट बघ. भोक असलं तर मावा शिरतो."

७ फेब्रुवारी
रोगट पानं थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटली. सहा निरोगी झाडांच्या पानांवर कार्बोरंडमची पूड भुरभुरून रस बोटानं हलकेच चोळला. पुडीनं पानाला न दिसणारे ओरखडे पडतात आणि विषाणू आत शिरतो. दुसऱ्या सहा झाडांवर तीच पूड, तसंच चोळणं, पण नुसता बफर. आधी बफरची झाडं केली, मग रसाची, मग हातमोजे जाळले. जाळीला दोन भोकं होती, शिवली.

१७ फेब्रुवारी
काही नाही.

२५ फेब्रुवारी
रसाच्या झाडांपैकी ४ आणि ९ नंबरची कोवळी पानं फिकट-गडद. बाकी चार ठीक. बफरची सहाही ठीक.

९ मार्च
४ नंबरवर आज उमललेल्या फुलात पांढऱ्या पट्ट्यांवर लाल चढलाय, आतून बाहेर, शाई टिपकागदावर पसरावी तसा. याच झाडाच्या जानेवारीतल्या फुलाचा फोटो शेजारी ठेवून नवा फोटो काढला. ९ नंबरवर तीन फुलं, तिन्हींची चांदणी मोडलेली. बफरच्या झाडांवर चांदण्या पूर्वीसारख्या, न लागलेल्या चारांवरही.

म्हणजे गप्प केलेलं जनुक तिथे धडधाकट होतं आणि वाचलंही जात होतं. फाडणारा हात अडवला आणि रंग आला. आरएनए मोजलेला नसल्यामुळे अहवालात मी हे "सुसंगत आहे" इतकंच लिहिणार. विषाणू कोणता तेही चाचणीशिवाय लिहिणार नाही. दोनच झाडं आहेत. पण ती फुलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मॅडम गच्चीवर आल्या, बराच वेळ वाकून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "याचं बी धर."

११ मार्च
बी धरायचं कारण: मिथिलची खूण काही वेळा पिढ्यान्‌पिढ्या उतरते, लिनेरियासारखी. इथे खूण पुसली गेलेली नसून फाडणारी यंत्रणा फक्त आजारपणापुरती अडली असेल, तर लाल फुलांच्या निरोगी लेकरांत चांदणी परत यायला हवी. ४ आणि ९ वर हातानं परागीकरण केलं, देठांना लाल दोरा बांधला. बफरच्या दोन झाडांवरही तसंच, पांढरा दोरा. नर्सरीचं बियाणं संकरित असतं, त्यामुळे काही लेकरं तशीही बिनचांदणीची निघतील. पांढऱ्या दोऱ्याची ओळ नसेल तर लाल दोऱ्याच्या ओळीला अर्थ नाही.

१४ एप्रिल
बोंडं तडकायच्या आत काढली. बी खसखशीपेक्षाही बारीक. रोगट झाडं कुंडीच्या मातीसकट जाळली, मामांनी राखेवर पाणी मारलं. अहवाल जमा केला. बी शेडनेटखाली ट्रेमध्ये पेरलं.

८ जुलै
पाऊस चार दिवस थांबलेला नाही. शेडनेटवर प्लास्टिक टाकलंय, तरी एक ट्रे गळतीनं गेला, पांढऱ्या दोऱ्याचाच. उरलेल्यांत पानांवर चट्टे असलेलं एकही रोप नाही.

आजवर फुललेली रोपं: पांढरा दोरा ९, त्यात चांदणीची ७. लाल दोरा १३, त्यात चांदणीची १०.

नाना तालुक्याला आले होते ते परस्पर कॉलेजात आले, पहिल्यांदाच. भिजलेली टोपी हातात घेऊन लाल दोऱ्याच्या ट्रेपाशी उभे राहिले आणि एकेक फूल मोजत गेले. त्यांची मोजणी अकरा आली. एका कळीच्या टोकाला पांढरं दिसत होतं, तीही त्यांनी धरली होती. उद्या उमलली की कळेल.